गाणं वाजतं अँपिअरवर

गाडीचं बोनेट उघडून कोरड्या हातांची बोटं बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर ठेवली, तर काहीही होत नाही. साध्या मुंग्यासुद्धा येत नाहीत. त्याच दोन टर्मिनलांवर लोखंडी पाना आडवा पडला, तर मात्र ठिणग्या उडतात, पाना जागच्या जागी वेल्ड होऊन चिकटतो आणि बघता बघता लालबुंद होऊ शकतो. बॅटरी तीच, बारा व्होल्टही तेच. फरक इतकाच, की माणसाच्या कोरड्या कातडीचा विद्युतरोध हजारो ओहम असतो आणि पान्याचा एका ओहमच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी. बोटांतून जाणारा प्रवाह जाणवत नाही इतका थोडा असतो. पान्यातून जाणारा प्रवाह हजार अँपिअरच्या घरात पोचू शकतो.

गाडीतल्या म्युझिक सिस्टीमच्या वायरिंगबद्दलचा सगळा निष्काळजीपणा या शॉक न बसण्यातून येतो. घरच्या स्विचबोर्डाला हात लावताना आपण मेन बंद करतो. गाडीत मात्र दोन वायरी पिळून वर टेप गुंडाळली, की काम झालं असं वाटतं. बारा व्होल्ट काय करणार? शॉक देत नाहीत हे खरं. पण व्होल्ट कमी आहेत म्हणूनच अँपिअर जास्त लागतात, आणि वायर तापते ती अँपिअरमुळे. ही एक गोष्ट नीट कळली, की जाड वायर, बॅटरीजवळचा फ्यूज, रंग खरवडून दिलेलं अर्थिंग हे फिटरचे वेगवेगळे वाटणारे नियम एकाच नियमाची रूपं आहेत हे दिसायला लागतं.

मार्केट यार्डात हजार किलो धान्य आत न्यायचंय अशी कल्पना करा. एकेका हमालाच्या पाठीवर २३० किलो लादता आले असते, तर चार-पाच जणांत काम झालं असतं. पण प्रत्येकाला बाराच किलो उचलायची परवानगी असेल, तर ८३-८४ हमाल लागतील, आणि तेही सगळे एकाच दारातून, एकाच वेळी. दार अरुंद असलं तर रेटारेटी आणि घासाघीस ठरलेली. विजेचा हिशेब हुबेहूब असाच आहे. एक व्होल्ट म्हणजे विद्युतभाराच्या प्रत्येक कूलोंबमागे एक ज्यूल ऊर्जा. घरच्या २३० व्होल्टांवर हजार वॉटची इस्त्री सव्वाचार-साडेचार अँपिअर घेते आणि बोटाएवढ्या जाडीच्या केबलची तिला गरज पडत नाही. डिकीतला अँप्लिफायर तेवढेच हजार वॉट बारा व्होल्टांवर ओढायला लागला, की त्याला ८३ अँपिअर हवे असतात.

आणि वायरीत निर्माण होणारी उष्णता अँपिअरच्या प्रमाणात वाढत नाही, ती अँपिअरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला, की उष्णता चौपट. त्यामुळे तीच वायर, तेच हजार वॉट, पण २३० ऐवजी १२ व्होल्ट घेतले, तर वायरीत सुमारे ३६७ पट उष्णता तयार होते. जेम्स ज्यूल यांनी १८४० च्या सुमारास मांडलेला हा नियम आजही प्रत्येक गाडीच्या कार्पेटखाली बिनबोभाट लागू असतो.

हे अँपिअर येतात कुठून?

गाडीची बॅटरी म्हणजे सहा घरं. प्रत्येक घरात शिशाच्या आणि शिशाच्या डायॉक्साइडच्या पट्ट्या गंधकाम्लात बुडवलेल्या, आणि प्रत्येक घराचा दाब सुमारे २.१ व्होल्ट. सहा घरांचे मिळून १२.६. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये ही बॅटरी बनवली. तिची मूळ रसायनं आजही बदललेली नाहीत. पण शिशातून इतके व्होल्ट का मिळतात, याचं पुरतं उत्तर यायला २०११ साल उजाडावं लागलं. स्वीडनमधल्या उप्सालाचे राजीव अहुजा, फिनलंडचे पेक्का प्युक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी गणितानं दाखवलं, की २.१ पैकी १.७ ते १.८ व्होल्ट चक्क आइन्स्टाइनच्या सापेक्षतेमुळे मिळतात. शिशाच्या अणुकेंद्रात ८२ प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीमुळे सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या साठ टक्के वेगानं धावतात. इतक्या वेगाला सापेक्षतेचे परिणाम जाणवतात, अणूच्या कक्षा आकसतात आणि शिशाच्या रासायनिक वागण्याचा नूरच बदलतो. सापेक्षता नसती, तर बारा व्होल्टांच्या बॅटरीत जेमतेम दोन व्होल्ट उरले असते. किल्ली फिरवल्यावर गाडी सुरू होते आणि स्टिरिओ उजळतो, त्यातले दहा व्होल्ट आइन्स्टाइनच्या खात्यावरचे आहेत.

मात्र बॅटरीचं मुख्य काम गाणी वाजवणं नाही. ते काम आहे स्टार्टरला काही क्षण शे-दोनशे अँपिअर देण्याचं. इंजिन एकदा सुरू झालं, की विजेचा भार अल्टरनेटर उचलतो. जुने मेकॅनिक त्याला अजून डायनॅमोच म्हणतात. त्याचा दाब साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असतो. तो बॅटरीपेक्षा जास्त ठेवावाच लागतो, नाहीतर बॅटरीत परत भार भरणार कसा? छोट्या हॅचबॅकमध्ये त्याची कमाल क्षमता पन्नास ते नव्वद अँपिअरच्या दरम्यान असते, आणि तीही इंजिन चांगलं फिरत असताना. सिग्नलला गाडी घुरघुरत उभी असते, तेव्हा त्याची ताकद बरीच उतरलेली असते. त्यातूनच हेडलाइट, एसीचा पंखा, वायपर आणि इंजिनाचा कॉम्प्युटर यांचं भागवायचं असतं. अँप्लिफायरच्या वाट्याला उरेल ते येतं. मागणी त्याहून वाढली, की फरक बॅटरी भरून काढते.

इंजिन बंद ठेवून सहलीच्या ठिकाणी दारं उघडून गाणी लावली, की सगळाच भार बॅटरीवर पडतो. हॅचबॅकची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-अवरची असते. सरासरी पंधरा अँपिअर ओढले, तर सव्वा तासातच ती निम्म्यावर येते. मोबाइलची बॅटरी रोज निम्म्याखाली गेली तरी चालतं. स्टार्टरसाठी घडवलेल्या शिशाच्या बॅटरीला ते सोसत नाही. पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर कडक होत जातो आणि क्षमता कायमची घटते. तिची तब्येत पाहायची सोपी खूण आहे. काही तास स्वस्थ उभ्या असलेल्या गाडीत मल्टिमीटरनं १२.६ दिसले तर बॅटरी भरलेली, १२.२ च्या आसपास दिसले तर निम्मी रिकामी.

पाच मीटरचा रस्ता

बॅटरी पुढे बोनेटखाली, अँप्लिफायर मागे डिकीत. मधे वळणंवाकणं धरून सुमारे पाच मीटर केबल. या पाच मीटरांत किती बिघडू शकतं याचा हिशेब करू. २१ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल, म्हणजे बाजारातली चार नंबर गेज, घेतली तर पाच मीटरचा रोध सुमारे चार मिलिओहम. ८३ अँपिअरवर वाटेत हरवतात ०.३४ व्होल्ट आणि केबलीत मुरते २८ वॉट उष्णता. पाच मीटरभर पसरलेली एवढी ऊब कुणाच्या लक्षातही येत नाही. आता त्याच जागी घरच्या प्लगपॉइंटची २.५ चौरस मिलिमीटरची वायर टाका. जवळजवळ तीन व्होल्ट वाटेतच गळतात आणि कार्पेटखाली २३५ वॉटच्या पुढे उष्णता कोंडते. घराच्या भिंतीत वर्षानुवर्षं गुण्यागोविंदानं नांदणारी वायर गाडीत हीटर बनते, ती अशी.

केबल विकत घेताना वरच्या कव्हरच्या जाडीला भुलू नये. स्वस्त केबलींत प्लॅस्टिक गुबगुबीत आणि आतला धातू बेताचा असतो. शिवाय तो धातू पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेला ॲल्युमिनियम असतो. त्याची वाहकता शुद्ध तांब्याच्या साधारण दोनतृतीयांश. ब्लेडनं एक तार खरवडली आणि आतून पांढरी चमक दिसली, की ओळखावं. अशी केबल वापरू नये असं नाही. पण मग निदान एक-दोन नंबर जाड घ्यावी.

याच केबलीत एक चक्रावून टाकणारी गोष्ट दडलेली आहे. बटण दाबल्यावर गाणं तत्क्षणी सुरू होतं, म्हणून आपल्याला वाटतं की बॅटरीतला इलेक्ट्रॉन धावत स्पीकरपर्यंत जातो. तांब्यात मुक्त इलेक्ट्रॉन इतके अगणित असतात, की ८३ अँपिअर वाहायलाही त्यांना घाई करावी लागत नाही. चार नंबरच्या केबलीत ते सेकंदाला मिलिमीटरचा एकतृतीयांशसुद्धा सरकत नाहीत. पाच मीटरचं अंतर कापायला त्यांना पावणेपाच तास लागतील. पुण्यात गाणं सुरू करताना केबलीच्या एका टोकाला असलेला इलेक्ट्रॉन गाडी दादरला पोचली तरी दुसऱ्या टोकाला पोचलेला नसतो. आणि गाणं सतत ८३ अँपिअर मागत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात तो याहूनही मागे रेंगाळतो. वेगानं जातो तो विद्युतक्षेत्राचा धक्का, प्रकाशाच्या वेगाशी स्पर्धा करत. इलेक्ट्रॉन केबलभर आधीपासून हजर असतात. धक्का पोचला, की सगळे एकदम हलतात.

फ्यूज कुणासाठी?

बहुतेकांना वाटतं फ्यूज अँप्लिफायरला वाचवतो. अँप्लिफायरचा स्वतःचा फ्यूज त्याच्या अंगावर असतोच. बॅटरीजवळचा मोठा फ्यूज असतो तो केबलीसाठी. बोनेटमधून केबिनमध्ये येताना केबल फायरवॉलच्या पत्र्याला पडलेल्या भोकातून जाते. त्या भोकाला रबरी ग्रोमेट नसेल, तर गाडीच्या थरथरीनं पत्र्याची धार इन्सुलेशन कापत राहते. महिनोन्महिने काही होत नाही. एक दिवस तांबं पत्र्याला टेकतं. गाडीची सगळी बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते, त्यामुळे थेट शॉर्ट. केबल आणि बॅटरी यांचा अंतर्गत रोध मिळून दहा-बारा मिलिओहम धरला, तर प्रवाह हजार अँपिअरच्या आसपास जातो. पूर्ण लांबीच्या चार नंबरच्या केबलीत तेव्हा चार हजार वॉट उष्णता तयार होते आणि दहा-पंधरा सेकंदांत प्लॅस्टिक मऊ पडायला लागतं. शेजारीच गालिचा, फोम, इतर वायरी. पुढचं सांगायला नको.

म्हणून जाणते फिटर फ्यूज बॅटरीपासून केबलीच्या अठरा इंचांच्या आत बसवतात. डिकीत अँप्लिफायरशेजारी बसवलेला मोठा फ्यूज दिसायला छान दिसतो, पण बॅटरीपासून तिथपर्यंतची साडेचार मीटर केबल उघडीच राहते. फ्यूज मागून येणाऱ्या संकटाला अडवत नाही. तो फक्त आपल्या पुढच्या भागाचा पहारेकरी आहे. त्याचा आकडाही केबल जेवढं सहज पेलते त्याच्या आत हवा. चार नंबरच्या चांगल्या तांब्याला शंभर अँपिअरचा फ्यूज रास्त ठरतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याहून मोठा टाकला, तर तो उडायचा थांबेल आणि त्याच्या जागी केबल वितळायची वेळ येईल.

फ्यूज आकड्याला पोचताक्षणी उडतो, हाही समज खरा नाही. तो धातूची एक पट्टी वितळवून काम करतो आणि वितळायला वेळ लागतो. तीस अँपिअरचा हिरवा ब्लेड फ्यूज चाळीस अँपिअरवर काही मिनिटं तग धरू शकतो. साठवर मात्र तो काही सेकंदांतच जातो. हा दोष नाही, ही सोय आहे. ढोलाचा एखादा जोरदार ठोका क्षणभर मर्यादा ओलांडतो, तेवढ्यासाठी गाणं बंद पडू नये. सततचा जादा भार मात्र अडवला जावा.

परतीची वाट

जेवढे इलेक्ट्रॉन डिकीकडे जातात तेवढेच परत यायला हवेत. परतीसाठी वेगळी केबल सहसा टाकत नाहीत. गाडीची पोलादी बॉडीच ते काम करते. पोलादाची वाहकता तांब्याच्या मानानं बरीच कमी, पण बॉडीचा पत्रा इतका रुंद पसरलेला असतो की एकूण वाट प्रशस्त होते. अडचण येते ती या वाटेवर चढण्याच्या जागी. गाडीचा रंग आणि त्याखालचा प्रायमर दोन्ही इन्सुलेटर आहेत. रंगावरच वायरीच्या टोकाचं थिंबल ठेवून स्क्रू आवळला, तर सगळे ८३ अँपिअर स्क्रूच्या आट्यांच्या कडांतून जायला बघतात. तिथे पत्रा तापतो, गंज धरतो, रोध वाढतो, मग आणखी तापतो.

म्हणून अर्थिंगच्या जागी रंग खरवडून चकचकीत धातू उघडा करायचा, दात असलेला वॉशर घालायचा, नट-बोल्टनं घट्ट आवळायचं आणि वरून ग्रीस किंवा रंग लावून पावसाळ्यापासून जपायचं. कोकणच्या दमट हवेत हे न केलेलं अर्थिंग फार दिवस टिकत नाही. अर्थिंगची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि शक्य तितकी आखूड हवी. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरायचा नाही, कारण त्या बोल्टावर माणसाचा जीव असतो. आणि मागच्या सीटखाली ड्रिल चालवण्याआधी खाली काय आहे ते बघायचं. अनेक हॅचबॅकमध्ये पेट्रोलची टाकी नेमकी तिथेच असते. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तो बॅटरीत किती भार आला-गेला ते मोजतो. अर्थिंग थेट टर्मिनलवर दिलं, तर अँप्लिफायरचा प्रवाह त्याला चुकवून जातो आणि गाडीचा हिशेब बिघडतो. तिथे बॉडीवर अर्थिंग देणंच शहाणपणाचं.

अर्थिंग कच्चं असलं की गाण्यामागे एक बारीक शीळ ऐकू येते. ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते, सोडला की उतरते. ही शीळ म्हणजे अल्टरनेटरचा स्वतःचा सूर. त्यात बहुधा बारा चुंबकीय ध्रुव असतात आणि तीन फेजांची वीज डायोडांमधून सरळ केली जाते. एका फेरीत व्होल्टेजला छत्तीस बारीक लाटा येतात. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असेल, तर पट्ट्यामुळे अल्टरनेटर साधारण अडीचपट वेगानं, म्हणजे २००० फेऱ्यांवर फिरतो. त्याच्या लाटा होतात सेकंदाला बाराशे. इंजिन ३००० फेऱ्यांवर गेलं, की साडेचार हजार. माणसाचा कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि ही शीळ चढत चढत नेमकी तिथेच पोचते. स्टिरिओ पुढे एका जागी अर्थ केलेला, अँप्लिफायर मागे दुसऱ्या जागी, आणि त्या दोन जागांच्या दाबात काही मिलिव्होल्टांचा फरक. तो फरक सिग्नलच्या तारेतून वाट काढतो आणि अँप्लिफायर त्याला गाणं समजून मोठा करतो. उपाय शिळेवर नाही, अर्थिंगवर करायचा असतो.

डब्याच्या आत

आता डिकीतला तो ॲल्युमिनियमचा डबा. त्याला एक मूलभूत अडचण सोडवायची असते. स्पीकरचा रोध सहसा चार ओहम. बारा-चौदा व्होल्टांत चार ओहमला किती ताकद देता येईल, यावर निसर्गाचीच मर्यादा आहे. १४.४ चा वर्ग भागिले चार, म्हणजे ५२ वॉट. तेही लाट पूर्ण चौकोनी झाली तर. गाण्यासारखी गोलसर लाट घेतली, तर त्याच्या निम्मे, सव्वीस. डॅशबोर्डावरच्या स्टिरिओवर छापलेले ‘५० वॉट गुणिले ४’ कुठून येतात, ते आता लक्षात येईल. प्रत्यक्षात गाण्याच्या वाट्याला येतात ते वीसच्या आसपास.

याहून जास्त ताकद हवी, तर आधी व्होल्ट वाढवायला हवेत. अमेरिकेत १९३० मध्ये पॉल गॅल्विन यांच्या कंपनीनं मोटरोला नावाचा कार रेडिओ बाजारात आणला, तेव्हाही हीच अडचण होती. त्या काळच्या गाड्यांत सहा व्होल्टांची बॅटरी असायची आणि रेडिओच्या व्हॉल्व्हना शंभरावर व्होल्ट लागत. सुरुवातीला त्यासाठी वेगळ्या बॅटऱ्या बसवाव्या लागत. नंतर व्हायब्रेटर आला. एक लवचिक पट्टी सेकंदाला शंभरच्या वर वेळा थरथरून विजेची दिशा उलटसुलट करी आणि मग ट्रान्सफॉर्मर दाब वाढवी. रेडिओ सुरू केला की आतून त्याची गुणगुण ऐकू यायची. कर्ज मिळावं म्हणून गॅल्विन यांनी एका बँकवाल्याच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवला आणि थोड्याच वेळात त्या गाडीनं पेट घेतला, अशी गोष्ट सांगतात. कार ऑडिओ आणि आग यांचा संबंध इतका जुना आहे.

आजच्या अँप्लिफायरमध्ये तेच काम मॉसफेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच करतात, पण सेकंदाला हजारो वेळा. गाडीच्या सरळ विजेचे ते बारीक तुकडे पाडतात. तळहातावर मावेल एवढ्या ट्रान्सफॉर्मरमधून तिचा दाब वाढवतात आणि ती पुन्हा सरळ करतात. बाराचे तीस, चाळीस किंवा त्याहून जास्त व्होल्ट होतात, आणि स्पीकरला आता खरी ताकद मिळते. फुकट काहीच मिळत नाही. व्होल्ट वाढले त्या प्रमाणात बॅटरीकडून अँपिअर ओढले जातात. म्हणूनच अँप्लिफायरची खरी ताकद झाकणावरच्या आकड्यात नसते, फ्यूजच्या आकड्यात असते. झाकणावर ‘२००० वॉट’ छापलेलं आहे आणि फ्यूज एकच, तीस अँपिअरचा. तीस गुणिले १३.८ म्हणजे आत जाणारे ४१४ वॉट. क्लास डी प्रकारचा चांगला अँप्लिफायर त्यातले ऐंशी टक्के बाहेर देतो, म्हणजे ३३० च्या आसपास. जुन्या धर्तीचा क्लास एबी असेल, तर साठ टक्क्यांच्या आतबाहेर. बाकीचे सोळाशेहून जास्त वॉट फक्त छापखान्यात तयार झालेले असतात.

ठोका पडतो तेव्हा

गाण्याची भूक एकसारखी नसते. गायकाचा आवाज, बासरी, सतार यांना फार थोडी वीज लागते. खरी मागणी करतो तो बास. ढोलाच्या ठोक्याला क्षणभर सत्तर-ऐंशी अँपिअर, पुढच्या क्षणी दहा. रात्री गाणी मोठ्यानं वाजवत जाणाऱ्या वडाप जीपचे हेडलाइट ठोक्यागणिक मंदावताना पुष्कळांनी पाहिले असतील. त्या क्षणी अल्टरनेटरची मर्यादा संपलेली असते आणि दाब १४ वरून १२ च्या जवळ घसरतो.

यावर उपाय म्हणून दुकानदार एक फॅरडचा चमकदार कपॅसिटर पुढे करतो. त्याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. दाब १४ वरून १२ वर येईपर्यंत एक फॅरड २६ ज्यूल देतो. हजार वॉटच्या मागणीला ते पुरतात एका सेकंदाच्या चाळिसाव्या हिश्शाहून थोडा जास्त वेळ. ढोलाचा ठोका त्याहून लांब चालतो. म्हणजे कपॅसिटर ठोक्याचं फक्त तोंड सांभाळतो आणि नंतर त्याला स्वतःलाच परत भरून घ्यायचं असतं. दिवे खरोखर मंदावत असतील, तर पैसे आधी तीन केबलींवर घालावेत. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत, बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीपर्यंत आणि इंजिनापासून बॉडीपर्यंत. कंपनीनं या वायरी मूळ गाडीच्या गरजेपुरत्याच दिलेल्या असतात. त्यानंतरही भागलं नाही, तर मोठा अल्टरनेटर. ओढणारा वाढला आणि पुरवणारा तसाच राहिला, तर मधली बॅटरी कितीही मोठी घेतली तरी कधी ना कधी रिकामी होणारच.

दाब घसरण्याचा भुर्दंड स्पीकरलाही बसतो. साध्या अँप्लिफायरची ताकद व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात चढते-उतरते. १४.४ चे १२ झाले, की तीस टक्के ताकद गेली. ऐकणारा व्हॉल्यूम वाढवतो. पुरेसे व्होल्ट नसल्यानं गाण्याच्या लाटेचं शिखर सपाट कापलं जातं. कापत कापत लाट चौकोनी झाली, की तिच्यातली ऊर्जा तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट होते आणि स्पीकरची बारीक व्हॉइस कॉइल भाजून निघते. कमी वीज मिळून स्पीकर जळाला हे ऐकायला उफराटं वाटतं, पण त्याचं मूळ पुष्कळदा एखाद्या बारीक वायरीत किंवा सैल अर्थिंगमध्ये सापडतं.

ही सगळी साखळी एकत्र पाहिली, की गाडीत गाणं वाजतं याचंच नवल वाटतं. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा चौथा भाग इंजिन कामी लावतं. अल्टरनेटर त्यातला साठेक टक्के विजेत बदलतो. अँप्लिफायर त्यातला ऐंशी टक्के पुढे पाठवतो. आणि साधारण स्पीकर मिळालेल्या विजेतली शंभरातला एक वाटा आवाजात बदलतो, उरलेले नव्याण्णव उष्णतेत. म्हणजे कानावर येणारं गाणं मूळ पेट्रोलच्या हजारातल्या जेमतेम एका भागाचं असतं. त्यातही ताकद दुप्पट केली, तर आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला दहापट वॉट लागतात. म्हणून नीट बसवलेली चारशे वॉटची सिस्टीम कच्च्या वायरिंगवरच्या हजार वॉटांना सहज मागे टाकते.

मोटारउद्योगही आता याच हिशेबापाशी आला आहे. इलेक्ट्रिक गाडीत शेकडो व्होल्टांची बॅटरी असते, पण स्टिरिओ, दिवे, काचा अजून बारा व्होल्टांवरच चालतात. मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टरमार्फत त्यांना वीज मिळते. भगव्या रंगाच्या केबली मात्र त्या उच्च दाबाच्या असतात आणि ऑडिओवाल्यानं त्यांच्या वाटेलाही जायचं नाही. काही कंपन्या आता बारा सोडून ४८ व्होल्टांकडे वळल्या आहेत. टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये ही व्यवस्था आहे. दाब चौपट, म्हणून तेवढ्याच वॉटांना प्रवाह पाव, आणि त्याच वायरीत उष्णता सोळावा हिस्सा. साठ व्होल्टांच्या आत असल्यामुळे शॉकचा धोकाही फारसा वाढत नाही.

आपल्या गाडीत मात्र अजून बाराच व्होल्ट आहेत. तेव्हा सिस्टीम बसवून झाली, की फिटरला पैसे देण्याआधी मल्टिमीटर मागा. इंजिन चालू ठेवून बासवालं गाणं नेहमीच्या आवाजात लावा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि लांब वायरीनं दुसरं टोक अँप्लिफायरच्या पॉझिटिव्हवर टेकवा. दिसणारा आकडा म्हणजे केबल, फ्यूज आणि जोड यांनी मिळून वाटेत खाल्लेले व्होल्ट. मग तेच निगेटिव्हच्या बाजूनं करा. दोन्हीकडे ठोक्याला अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा राहिला, तर काम पक्कं झालं आहे. जास्त आला, तर एकेक जोड मधे घेऊन मोजत पुढे जा. आकडा जिथे उडी घेतो, तिथला नट सैल आहे किंवा तिथला रंग खरवडायचा राहिला आहे.